दोन बिलं, एकच खड्डा

सकाळी सव्वाअकरा वाजता आमच्या ऑफिसातलं नेट गेलं आणि मी मनातल्या मनात खूश झाले. खरंच. कारण सहा महिने भांडून भांडून मी दुसरं कनेक्शन मंजूर करून घेतलं होतं, वेगळ्या कंपनीचं, आणि आज सगळ्यांना दिसणार होतं की बघा, हिने सांगितलं होतं ते बरोबर होतं. राउटर आपोआप दुसऱ्या लाईनवर जाणार, लोकांना कळणारही नाही. मी जाऊन बघितलं तर दुसऱ्या लाईनचा दिवापण लाल. दोन्ही कंपन्यांना फोन लावले, दोघांचं उत्तर तेच, मॅडम केबल कट झाली आहे, टीम निघाली आहे. मग खाली उतरले, तर बिल्डिंगसमोर खोदकाम चालू, एक खड्डा, आणि त्या खड्ड्यात एकच फुटका पाईप आणि त्यातून लोंबणाऱ्या दोन काळ्या वायरी. एक पहिल्या कंपनीची, एक दुसरीची. दोघी गुण्यागोविंदाने एकाच पाईपमधून येत होत्या आणि आम्ही दोघींचं वेगवेगळं बिल भरत होतो.

नेट आलं संध्याकाळी सहाला.

तर हे लिहितेय कारण मला त्यानंतर दोन-तीन ओळखीच्या लोकांनी विचारलं की धंद्यासाठी कुठलं कनेक्शन घेऊ, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच की किती एमबीपीएसचं, म्हणजे किती स्पीडचं घेऊ. मीपण आधी तेच विचारायचे. आता माझा पहिला प्रश्न असतो वायर कुठून येते, आणि त्याच्याही आधीचा म्हणजे नेट गेलं तर तुमचं नक्की काय काय थांबतं.

हे दुसरं वाटतं तितकं सोपं नाहीये हां. मी एक वही घेऊन ऑफिसभर फिरले. अकाउंट्सवाल्या ताई म्हणाल्या अर्धा दिवस गेलं तरी चालेल, मी तेवढ्यात फायली लावते. डिझाईनवाले म्हणाले डाउनलोडचं सोड, आम्हाला क्लायंटला पाठवायचं असतं. सेल्सवाले म्हणाले मोबाईलवर भागवू. आणि एकानेही फोनचं नाव घेतलं नाही! टेबलावरचे सगळे फोन इंटरनेटवर चालतात, नेट गेलं की बाहेरून येणारा प्रत्येक कॉल गेला, पण फोन म्हणजे फोन असतो, त्याचा नेटशी काय संबंध असंच सगळ्यांच्या डोक्यात. कार्ड पेमेंटचं मशीन, कॅमेरे, क्लाउडवरचं बिलिंग, हे पण असंच, जोपर्यंत बंद पडत नाही तोपर्यंत ते नेटवर आहे हे आठवत नाही. म्हणून ही वही आधी, प्लॅनचं ब्रोशर नंतर.

आता प्रकार. जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाईनवरचं डीएसएल अजून काही ठिकाणी मिळतं, त्यात एक्स्चेंजपासून किंवा रस्त्यावरच्या त्यांच्या डब्यापासून तुम्ही जितके लांब तितका स्पीड कमी, म्हणून शेजाऱ्याला काय मिळतं ते विचारून काही फायदा नाही, तुमच्याच लाईनवर मोजायला लागतं. टीव्हीच्या केबलवरून येणारं नेट डाउनलोडला चांगलं पण अपलोडला बहुतेक वेळा कंजूष, शिवाय ते आजूबाजूच्यांबरोबर वाटून घेतलेलं असतं. यावर जास्त वेळ घालवत नाही, फायबर मिळत असेल तर फायबर घ्या.

पण फायबर या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि खरा घोळ इथे आहे. एक म्हणजे साधं ब्रॉडबँड फायबर, घरी येतं तेच, फक्त नावापुढे बिझनेस लावलेलं. यात मुख्य फायबर एक असते, मध्ये एक स्प्लिटर, आणि तिथून ती ३२ किंवा ६४ जणांत वाटली जाते. जीपॉन नावाचं तंत्र बऱ्याच ठिकाणी वापरतात, त्यात त्या सगळ्यांत मिळून खाली यायला सेकंदाला साधारण अडीच गिगाबिट आणि वर जायला सव्वा गिगाबिट. सगळे एकदम वापरत नाहीत म्हणून ते चालून जातं, आणि खरं सांगायचं तर छान चालतं. दुसरी वस्तू म्हणजे लीज्ड लाईन. ती कंपनीच्या नेटवर्कपर्यंत तुमच्या एकट्याची, जितकं डाउनलोड तितकंच अपलोड, आणि सोबत लेखी हमी. म्हणूनच कागदावरचा स्पीड कमी दिसूनही तिचं बिल कितीतरी पट जास्त असतं, आणि मग मालक विचारतात की घरी याच्या दहापट स्पीड मिळतो, हे काय आणलंस. त्यांनाही दोष नाही, जाहिरातीत दोन्हीकडे मोठ्या अक्षरात फक्त एकच आकडा असतो.

त्या आकड्याबद्दल. तो जवळजवळ कायम डाउनलोडचा असतो आणि त्याच्या आधी बारीक अक्षरात "अप टू" असतं. आमच्या डिझाईनवाल्यांची एक फाईल सहज १२ जीबीची होते. जीबी म्हणजे बाइट आणि एमबीपीएसमधला बी म्हणजे बिट, एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे ती झाली ९६,००० मेगाबिट. अपलोड १० एमबीपीएस असेल तर २ तास ४० मिनिटं, १०० असेल तर १६ मिनिटं. आणि हे सगळं नीट चाललं तरचं गणित. मी हे वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं तेव्हा कुठे आमच्या बॉस मॅडमना पटलं की डाउनलोड ३०० असो की ५००, आमचं दुखणं भलतीकडेच आहे.

उलट फोनला स्पीड लागतच नाही. एका कॉलला एका दिशेने साधारण १०० केबीपीएस धरा, १० लोक एकदम बोलत असले तरी सगळा खेळ १ एमबीपीएसचा. तरी कॉल तुटक ऐकू येतात, कारण तिकडे कोणीतरी ती १२ जीबीची फाईल सोडलेली असते आणि राउटरमध्ये आवाजाची छोटी छोटी पाकिटं तिच्या मागे रांगेत उभी असतात. त्यावर उपाय जास्त स्पीडचा प्लॅन नव्हे, राउटरमध्ये आवाजाला आधी जाऊ द्यायची सेटिंग असते ती चालू करायची. हे मला कळायच्या आधी आम्ही दोनदा प्लॅन वाढवला होता 😑

मग ती लेखी हमी, एसएलए. ९९ टक्के अपटाइम, म्हणजे लाईन चालू राहण्याचा वेळ, ऐकायला किती भारी वाटतं, पण ३० दिवसांच्या महिन्यात तो उरलेला १ टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटं. ९९.९ म्हटलं तर ४३ मिनिटं. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कागदात बघा की चार तास हे कशाचे लिहिलेत, माणूस फोन उचलेल त्याचे की लाईन दुरुस्त होईल त्याचे. रिस्पॉन्स टाइम आणि रिपेअर टाइम यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि हमी मोडली तर मिळतं काय, तर बहुतेक वेळा पुढच्या बिलात थोडी सूट. तुमचा बुडालेला धंदा कोणी भरून देत नाही. कुठल्याही कंपनीत जा, पळसाला पानं तीनच.

अजून एक गोष्ट जी विकणारा स्वतःहून सांगत नाही ती म्हणजे आयपी ॲड्रेस, इंटरनेटवरचा तुमच्या लाईनचा पत्ता. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, ॲड्रेस जगात मिळून साधारण ४३० कोटी, आणि वाटपाचा वरचा साठा २०११ च्या फेब्रुवारीतच संपला. त्यामुळे बरेच प्रोव्हायडर, मोबाईलवाले तर हमखास, एका पब्लिक ॲड्रेसमागे खूप ग्राहक बसवतात. नुसतं ब्राउझिंग करणाऱ्याला काही फरक पडत नाही. पण बाहेरून ऑफिसातल्या सर्व्हरला व्हीपीएनने, म्हणजे खाजगी सुरक्षित वाटेने, जोडायचं असेल किंवा कॅमेरे थेट बघायचे असतील तर बाहेरून आत यायला दारच नसतं. असं काही लागणार असेल तर स्टॅटिक पब्लिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, सहीच्या आधी मागायचा, नंतर मागितला की तो वेगळा "बिझनेस ॲड-ऑन" होतो.

आणि कंपनी फुकट ईमेल देते म्हणाली तर नको म्हणा. डोमेन आणि मेल स्वतःच्या नावावर वेगळ्या ठिकाणी ठेवा, नाहीतर उद्या कनेक्शन बदलायचं ठरवलंत की व्हिजिटिंग कार्डापासून सगळं बदलायला लागतं आणि त्या भीतीने माणूस वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहतो.

तर खड्ड्यानंतर आम्ही काय केलं. दुसऱ्या कंपनीची लाईन बंद केली. तिसरी एक कंपनी आली, त्यांच्या मुलाला मी आधी खालीच घेऊन गेले आणि म्हटलं दादा, तुमची वायर कुठून येणार ते बोटाने दाखव. त्याने अगदी निरागसपणे तोच पाईप दाखवला. खूप ठिकाणी असंच असतं, रस्त्यातली वायर एकाच कोणाची तरी असते आणि बाकीचे ती भाड्याने घेऊन स्वतःच्या नावाने विकतात. म्हणून दुसरी लाईन हवेतून घ्यायचं ठरलं. सॅटेलाईटचा विचार केला होता, पण जुन्या पद्धतीचे सॅटेलाईट ३५,७८६ किलोमीटरवर, आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, उत्तर ऐकू यायला अजून पाव, फोनवर दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसतात. खालच्या कक्षेतले नवे सॅटेलाईट फक्त काहीशे किलोमीटरवर असतात, त्यात हा त्रास नाही, पण डिशला मोकळं आकाश लागतं आणि आमच्यावर शेजारची उंच बिल्डिंग वाकून बघत असते. शेवटी सिम टाकायचा राउटर घेतला, अँटेना खिडकीबाहेर. यातही एक मेख आहे, मोबाईलचा टॉवर स्वतः बऱ्याचदा फायबरनेच जोडलेला असतो, तेव्हा सिम मुख्य लाईनवाल्या कंपनीचंच नको. ते वेगळं घेतलं.

आणि एक छोटा यूपीएस, फक्त राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी. लाईट गेल्यावर फायबर चालूच असते, मधला स्प्लिटर विजेशिवाय चालतो, बंद पडतो तो आपल्या भिंतीवरचा डबा. आमच्याकडे सगळ्या कॉम्प्युटरना यूपीएस होता आणि राउटर मात्र साध्या प्लगवर, मी कितीतरी दिवस लाईनवाल्यांना शिव्या घातल्या होत्या.

हे सगळं लावल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी मी मुख्य वायर स्वतःच्या हाताने काढते. पहिल्यांदा काढली तेव्हा काहीच झालं नाही, सिममध्ये डेटाच नव्हता. दुसऱ्यांदा चाळीसेक सेकंदांत नेट आलं आणि सगळे खूश. मागच्या शुक्रवारीही आलं, पण चालू असलेले कॉल कट झाले आणि नंतर सात-आठ मिनिटं फोन मुकेच, कारण ते जुन्याच लाईनवर जोडायचा प्रयत्न करत बसले होते. फोनवाल्याला कळवलंय, तो मंगळवारी येतो म्हणालाय.