फार्मर बर्न्सच्या मागावर, आयोवात

अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं डॅव्हनपोर्ट सोडून वायव्येला लागलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, दुसरं काही नाही. बिग रॉक हे गाव म्हणजे थोडीशी घरं. अमेरिकेत राहणाऱ्या कुस्तीवेड्यालाही इथे यायचं कारण सहसा पडत नाही. मी आलो जुना मल्ल मार्टिन बर्न्ससाठी. जुन्या वर्तमानपत्रांत त्याच्या नावापुढे याच गावाचं नाव लागायचं आणि लोक त्याला ‘फार्मर’ बर्न्स म्हणायचे.

जन्म १८६१चा, शेजारच्या सीडर काउंटीतला. वडील लवकर गेले, म्हणून पोरगं शेतमजुरीला लागलं. वजन जेमतेम ७५ किलो, पण मान २० इंच! गळ्यात फास घालून सहा फूट खाली उडी टाकायची आणि लटकल्या लटकल्या शीळ वाजवायची, हा त्याचा जत्रेतला खेळ. बर्न्सबद्दल कुणी काही लिहिलं की पहिल्यांदा हेच लिहितात. मला त्याचा राग येतो. ती मान फासासाठी कमावलेली नव्हती, पुलात, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून कमान केल्यावर, पाठ टेकू नये म्हणून कमावलेली होती.

१८८९ची गोष्ट अशी सांगतात : बर्न्स डुकरं विकायला शिकागोला गेला होता. तिथे इव्हान ‘स्ट्रँगलर’ लुईस आणि जॅक कारकीक या व्यावसायिक मल्लांचा खेळ लागलेला. त्यांच्यापुढे पंधरा मिनिटं टिकेल त्याला २५ डॉलर. बर्न्स कामाच्या कपड्यांतच वर चढला आणि टिकला. सहा वर्षांनी, एप्रिल १८९५मध्ये, शिकागोतच त्याने त्याच लुईसला हरवून अमेरिकेचं अजिंक्यपद घेतलं. ते १८९७मध्ये डॅन मॅक्लाउडने काढून घेतलं.

हे सगळं नीट बघायचं तर राज्याच्या राजधानीत, डे मॉइनला, स्टेट हिस्टॉरिकल सोसायटीच्या वाचनालयात मायक्रोफिल्मसमोर बसावं लागतं. डोळे दुखतात, पण हळूहळू त्या काळची बातमी वाचायची सवय होते. वजनं, पैज किती, तीनपैकी दोन चितपट कुणाच्या, किती मिनिटांत. ‘सहा हजार कुस्त्या, त्यातल्या हातावर मोजण्याएवढ्या हरल्या’ हा आकडा सगळीकडे छापलेला असतो. मला तो जसाच्या तसा घ्यावासा वाटत नाही. बर्न्स नाटकमंडळ्यांबरोबर आणि सर्कशींबरोबर गावोगाव फिरला, एकेका रात्री येईल त्या गावकऱ्याशी लढला. ती पंधरा मिनिटांची आव्हानं आणि लुईस-मॅक्लाउडसारख्या अजिंक्यपदाच्या कुस्त्या एकाच वहीत लिहायच्या नसतात. शिवाय त्या धंद्यात आधीच ठरवलेल्या लढतीही होत्या. वेगळं काढल्यावर आकडा लहान होतो, पण माणूस मोठाच राहतो.

मग उत्तरेला फोर्ट डॉज. १८ डिसेंबर १८९९ रोजी इथे बर्न्सचं नेहमीचं आव्हान लागलं आणि हम्बोल्टचा बावीस वर्षांचा फ्रँक गॉच पुढे आला. अकराएक मिनिटांत बर्न्सने त्याला चीत केलं. आणि तिथेच ओळखलं की हा पोरगा आपल्यापुढे जाणार. त्याने गॉचला आपल्याकडे घेतलं, घडवलं. १९०८मध्ये त्या गॉचने तेव्हाचा जगज्जेता जॉर्ज हॅकनश्मिटला हरवून जगज्जेतेपद मिळवलं आणि १९११मध्ये शिकागोच्या कोमिस्की पार्कवर हजारोंच्या गर्दीत पुन्हा हरवलं.

आज हम्बोल्टमध्ये गॉचचा ब्राँझचा पुतळा आहे. असायलाच हवा. पण मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे तालमीत शिरलं की आधी वस्तादाच्या फोटोला हात जोडायचे, मग लंगोट कसायचा. त्या पुतळ्यापुढे उभं राहून मला सारखं वाटत होतं, शेजारी बर्न्स हवा होता.

आपल्याकडच्या कुस्तीशी या घराण्याची गाठ पडता पडता राहिली. १९१०मध्ये गामा पैलवान लंडनला गेला तेव्हा त्याच्या आव्हानांत गॉचचंही नाव होतं, पण जोड झाली नाही. गॉचशी लढलेला डॉ. बेंजामिन रोलर मात्र गामापुढे उभा राहिला आणि बघता बघता चीत झाला. गॉच आणि गामा भिडले असते तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. बर्न्सने आपल्या पठ्ठ्याला गामासाठी काय तयारी करायला लावली असती?

बर्न्सची तयारी कशी असायची ते कळतं, कारण १९१४मध्ये त्याने ओमाहाहून टपालाने कुस्तीचे धडे विकायला सुरुवात केली. त्यात दीर्घ श्वसन आहे, मानेचा व्यायाम आहे, डावांचे फोटो आहेत. दारू-तंबाखूला तो हात लावत नसे आणि पोरांनाही तेच सांगे. शेताच्या कडेला राहणाऱ्या, आसपास तालीम नसलेल्या मुलापर्यंत वस्ताद टपालाने पोचला, ही गोष्ट मला त्याच्या अजिंक्यपदापेक्षाही मोठी वाटते. १९१७चा जगज्जेता अर्ल कॅडॉकही त्याच्याच हाताखालचा.

शेवटी वॉटर्लू. डॅन गेबल याच गावचा, १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये एकही गुण न देता सुवर्ण जिंकणारा. त्याच्या नावाच्या संग्रहालयात व्यावसायिक मल्लांसाठीही वेगळा विभाग आहे. तिथल्या एका कर्मचाऱ्याशी गप्पा निघाल्या आणि विषय शाळांच्या कुस्तीवर आला. आयोवात शाळांच्या कुस्तीला लोक आजही गर्दी करतात. पहिली राज्य स्पर्धा १९२१ची. ती जिंकली सीडर रॅपिड्सच्या वॉशिंग्टन हायस्कूलने, आणि त्या पोरांचा प्रशिक्षक होता साठीतला फार्मर बर्न्स.

तिकडे जाणार असाल तर हम्बोल्ट आणि वॉटर्लू एका फेरीत होतं. डे मॉइनला मात्र सवडीने जा. त्याआधी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं फुकट चाळता येतात, ती घरबसल्या बघून तारखा लिहून घेतल्या तर तिथला बराच वेळ वाचतो.