कुपीला जोडलेली माझी सही

गुलाबाच्या तेलाची ती ५ मिलिलिटरची कुपी अजून आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये आहे. अहवाल जाऊन दीड महिना झाला, बिलही चुकते झाले, तरी नमुने नष्ट करण्याच्या यादीत तिचा क्रमांक लिहायला माझा हात धजत नाही.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी १९ वर्षे सुगंधी तेले तपासते. लव्हेंडर, जिरेनियम, चंदन, वाळा, टी ट्री अशी तेले येतात; त्यांचे विशिष्ट गुरुत्व, अपवर्तनांक आणि प्रकाशीय वलन मोजायचे, गॅस क्रोमॅटोग्राफवर घटक वेगळे करायचे आणि अहवालावर सही करायची, असा दिवस जातो. यंत्राआधी नाकाचे काम असते. त्यासाठी मी कामाच्या दिवशी केसांना वासाचे तेल लावत नाही, गजरा माळत नाही आणि डब्यात कच्चा कांदा आणत नाही. चार-पाच नमुन्यांनंतर नाक बधिर होते, तेव्हा स्वतःच्या कोपराचा आतला भाग हुंगून ते पुन्हा जागेवर आणावे लागते.

जुलैतल्या एका धो-धो पावसाच्या सकाळी साठीच्या पुढच्या एक बाई भिजत आल्या. निवृत्त शिक्षिका होत्या. अरोमाथेरपीचा अभ्यासक्रम करून त्या आता दुर्धर आजाराच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांकडे जातात आणि तिळाच्या तेलात सुगंधी तेलाचे मोजके थेंब मिसळून हातापायांना हलका मसाज करतात. मोबदला घेत नाहीत आणि तेल पदरमोड करून आणतात. मी त्यांना ताई म्हणू लागले, कारण मॅडम म्हटलेले त्यांना आवडेना.

ताईंच्या रुग्णांमध्ये एक आजी आहेत. त्यांनी दादरच्या फूलबाजारात चाळीस वर्षे फुले विकली. ताईंनी गुलाबतेलाचा थेंब असलेला हात पुढे केला, तेव्हा आजी म्हणाल्या, “ह्यो गुलाब न्हाय गं. ह्याला गवताचा वास येतोय.” पुढच्या खेपेलाही त्या तेच बोलल्या. नातेवाईक म्हणाले, औषधांनी तोंडाची चव आणि नाक गेले आहे, मनावर घेऊ नका. ताईंनी मात्र ते मनावर घेतले आणि कुपी घेऊन त्या पावसात अंधेरी गाठली. ज्यांचे आयुष्य फुलांत गेले त्यांचे नाक आजारपणातही सहज मोडीत काढू नये, एवढे ताईंना कळत होते आणि घरच्यांना कळत नव्हते.

ताईंनी स्वतःही तपासण्या केल्या होत्या. कागदावर थेंब टाकून तुपकट डाग राहतो का ते पाहिले होते. खाद्यतेलाची ढोबळ भेसळ त्यातून कळते, बाकी काही कळत नाही. त्यांनी कुपी फ्रिजमध्येही ठेवली होती. अस्सल गुलाबतेलात पाकळ्यांतील मेण असते आणि साधारण २० अंशांच्या आसपास त्याचे स्फटिक दिसू लागतात, हे त्यांना शिकवले होते. तेल थिजले आणि ताई निश्चिंत झाल्या. कुपीवर ‘थेरप्युटिक ग्रेड’ असे सोनेरी अक्षरांत छापलेले होते. अशी प्रतवारी ठरवणारी कोणतीही अधिकृत संस्था जगात नाही. हे शब्द विक्रेत्यांनी विक्रेत्यांसाठी घडवलेले आहेत, आणि ते वाचून लोक दुप्पट पैसे मोजतात याची मला दर वेळी चीड येते. एक किलो गुलाबतेलासाठी ढोबळमानाने ३ ते ४ हजार किलो पाकळ्या लागतात, म्हणजे ताईंच्या हातातल्या एवढ्याशा कुपीमागे सुमारे १५ किलो पाकळ्या असायला हव्यात. तीच कुपी चारपाचशे रुपयांत मिळते तेव्हा ग्राहकाने निदान एवढा हिशेब करावा. ताईंनी तसे स्वस्त तेल घेतलेले नव्हते. त्यांनी बरीच मोठी रक्कम मोजली होती.

मग त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद काढला. विक्रेता प्रत्येक कुपीबरोबर तो देतो, असे त्या म्हणाल्या. तो आमच्याच प्रयोगशाळेचा दोन वर्षांपूर्वीचा अहवाल होता, त्यावरचा बॅच क्रमांक कुपीवरच्या क्रमांकाशी जुळत होता आणि खाली माझी सही होती.

त्या क्षणी मी काही बोलले नाही. वातानुकूलित खोलीत जाऊन बंद डब्यातल्या वासपट्ट्या काढल्या, कारण पावसाळ्यात त्या उघड्या राहिल्या तर दमट होतात आणि वास वेगळा उठतो. एका पट्टीवर ताईंचे तेल घेतले आणि दुसरीवर बल्गेरियातल्या कझानलिकचे, आम्ही संदर्भासाठी जपलेले तेल. पहिली पाच मिनिटे दोन्हीकडे गुलाबच होता. अर्ध्या तासाने संदर्भाच्या पट्टीवर मधासारखी, किंचित मसालेदार गोडी पसरत गेली आणि ताईंच्या पट्टीवर गुलाब विरळ होऊन खालून काहीतरी हिरवट, कोरडे वर आले. मला तो वास ओळखीचा वाटला. आमचे मूळ गाव नंदुरबारकडचे. पावसाळा सरता सरता तिकडे फुलोऱ्यावर आलेले रोशा गवत कापून तेल काढण्यासाठी भट्टीवर चढवीत, आणि लहानपणी सुट्टीत गेलो की अंगावरच्या कपड्यांना तो वास दिवसभर लागून राही.

पण ‘गवत’ हा शब्द माझ्या कानावर आधीच पडला होता. एकदा शब्द कानात शिरला की नाक त्याला पुरावे शोधू लागते, हे या धंद्यातले जुने दुखणे आहे. म्हणून मी आमच्या तरुण सहकाऱ्याला सांकेतिक क्रमांकांच्या तीन-तीन पट्ट्या करायला सांगितल्या: दोन एका तेलाच्या आणि एक दुसऱ्याची. सहापैकी पाच वेळा मी वेगळी पट्टी बरोबर ओळखली. दोन तेले निराळी आहेत एवढेच त्यातून सिद्ध झाले. आजींनी सांगितले नसते तर मी आपण होऊन रोशाचे नाव घेतले असते का, याचे उत्तर त्या चाचणीत नव्हते.

रोशा आणि गुलाब यांचे हे नाते फार जुने आहे. रोशा तेलात जिरॅनिऑल हा घटक सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक असतो आणि तोच गुलाबतेलाच्याही प्रमुख घटकांपैकी एक आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशात निघालेले हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडच्या बंदरांत आणि तिथून इस्तंबूलला जात असे. व्यापारात त्याला ‘तुर्की जिरेनियम’ असे नाव पडले होते, आणि बल्गेरियातल्या गुलाबतेलात ते मिसळले जाई. मिसळले की तेल थिजण्याचे तापमान खाली येई, म्हणून भेसळ करणारे त्यात व्हेलच्या डोक्यातून मिळणारे मेण घालत. फ्रिजमध्ये तेल थिजले म्हणजे ते खरे, हा भरवसा तेव्हाही असाच मोडला होता.

म्हणून मी स्फटिक नीट पाहायचे ठरवले. दोन्ही कुप्या थंड करून काळ्या कागदावर ठेवल्या. संदर्भाच्या तेलात चकचकीत, पातळ पापुद्रे तरंगत होते आणि तळहाताच्या उबेने ते दोन मिनिटांत पूर्ण विरघळले. ताईंच्या कुपीत रवाळ गढूळपणा होता. बराच वेळ मुठीत धरूनही तळाशी धुरकटपणा उरला.

गॅस क्रोमॅटोग्राफवरच्या तपासणीला तासाभराहून अधिक वेळ लागला. सहकाऱ्याने संगणकाने काढलेली यादी आणून दिली: सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, नेरॉल, फिनाईल इथाईल अल्कोहोल, हायड्रोकार्बन, सगळे हजर. शेरा होता, ‘गुलाबतेलाशी सुसंगत’. मुलगा मेहनती आहे, पण आता शिकून येणारी मुले तक्ता वाचतात आणि आलेख पाहत नाहीत. मी त्याला आलेखाचा शेवटचा भाग मोठा करायला लावला. गुलाबाच्या मेणात विषम संख्येचे कर्बाणू, म्हणजे कार्बनचे अणू, असलेल्या साखळ्यांचे प्राबल्य असते: १९ कर्बाणूंचे नॉनाडेकेन सर्वांत उंच, मग २१, २३, आणि मधल्या १८, २०, २२ यांच्या जागी जेमतेम उंचवटे. तो भाग दोन दातांमध्ये फट ठेवून केलेल्या करवतीसारखा दिसतो. ताईंच्या तेलात ही करवत होती, पण बारीक. तिच्यापुढे २३, २४, २५, २६ अशी एकही पायरी न चुकवणारी, हळूहळू चढून हळूहळू उतरणारी रांग उभी होती. झाडे अशी रांग करत नाहीत. ते खनिज तेलापासूनचे पॅराफिन मेण होते, मेणबत्तीत असते तसे.

पुढचे काम सोपे होते. जिरॅनाईल ॲसिटेट अस्सल गुलाबतेलात अगदी थोडे असते आणि रोशात भरपूर. इथे ते सहा टक्क्यांवर होते. मग एकाच घटकाची डावी-उजवी रूपे वेगळी करणारी नळी, म्हणजे कायरल कॉलम, लावला. सिट्रोनेलॉलची डाव्या आणि उजव्या तळहातांसारखी दोन रूपे असतात; गुलाब त्यांपैकी जवळजवळ एकच बनवतो, कारखान्यातल्या नेहमीच्या प्रक्रियेत दोन्ही निम्मी-निम्मी तयार होतात. ताईंच्या तेलात प्रमाण ६२ आणि ३८ आले, म्हणजे त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश सिट्रोनेलॉल कारखान्यातले होते. थोडा खरा गुलाब, बरेचसे रोशा, कृत्रिम सिट्रोनेलॉल आणि फ्रिजच्या परीक्षेसाठी मेण. कोणीतरी ताईंसारख्या माणसाने काय काय तपासून पाहिले असते, याचा विचार करूनच ते तेल बनवले होते.

संध्याकाळी मी दोन वर्षांपूर्वीची धारिका उघडली. ठेवून दिलेला नमुना मुदत संपल्यामुळे नष्ट झाला होता, पण आलेख होता. करवत स्वच्छ होती आणि जिरॅनाईल ॲसिटेट एका टक्क्याच्या आसपास. त्या वेळी आलेले तेल अस्सल होते आणि मी लिहिलेले प्रत्येक अक्षर खरे होते. विक्रेत्याने एकदा चांगले तेल तपासून घेतले, आणि पुढे तोच बॅच क्रमांक छापून त्या अहवालाच्या छायाप्रती भलत्याच तेलाबरोबर वाटल्या. अशा किती कुप्या गेल्या, हे मला कळण्याचा मार्ग नाही.

आमचे साहेब म्हणाले, “अहवालाच्या तळाशी स्पष्ट लिहिलेले असते की, निष्कर्ष फक्त प्राप्त नमुन्यापुरते आहेत. आपली जबाबदारी तिथे संपते.” कायद्याच्या भाषेत ते बरोबरच आहे. पण ते वाक्य इतक्या बारीक टाइपात असते की, ताईंनी चष्मा लावूनही ते वाचलेले नव्हते, आणि सही मात्र ठळक दिसते. नमुना कोणी काढला, कोणत्या पिंपातून काढला, बॅच किती लिटरची होती, यांपैकी काहीही आम्ही विचारत नाही. विक्रेता आणून देईल ते आम्ही तपासतो, आणि ग्राहक समजतो की आम्ही त्याची कुपी तपासली.

ताईंना मी सगळे आलेख समोर ठेवून समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “या तेलाने माझ्या माणसांना अपाय झाला असेल का?” जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल हे त्वचेला ॲलर्जी आणू शकणारे घटक खरे, पण ते अस्सल गुलाबतेलातही असतात, आणि त्या वापरतात तेवढ्या सौम्य प्रमाणात या मिश्रणाने निराळा अपाय झाल्याचे मला दिसत नाही, असे मी सांगितले. “मग बाकीच्यांना झोप लागायची ती कशाने?” त्यांनी पुन्हा विचारले. त्यावर माझ्याकडे मोजून सांगता येईल असे काही नव्हते. त्यांच्या हाताने लागत असेल, एवढेच मी म्हणाले आणि ते मी मनापासून म्हणाले.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. आजी अजून आहेत. त्यांनी विचारले होते, “त्या मशीनवाल्या बाईनं काय सांगितलं?” ताईंनी त्यांना सांगितले की, तुमचेच बरोबर होते. तेव्हापासून ताई त्यांच्या उशाशी बाजारातून आणलेला एक साधा गुलाब ठेवतात.

अहवालाचा नमुना बदलण्याचा मसुदा मी साहेबांना दिला आहे. ‘हा अहवाल विक्रीच्या मालाबरोबर देता येणार नाही’ हे वाक्य सहीच्या वर, सहीइतक्याच मोठ्या अक्षरांत असावे. नमुना कोणी आणि कशातून काढला याचा रकाना रिकामा असेल तर तसे ठळक छापावे. आणि प्रत्येक अहवाल सहा महिन्यांनी बाद व्हावा, अशा तीन सूचना त्यात आहेत. असे केले तर निम्मे गिऱ्हाईक दुसऱ्या प्रयोगशाळेत जाईल, असे साहेबांचे म्हणणे आहे. मसुदा तीन आठवडे त्यांच्या टेबलावर आहे आणि तोपर्यंत मी जुन्याच नमुन्यावर रोज सही करते आहे.