यंदाचा संकल्प: एका घराण्याच्या सहा पिढ्या

गोव्यात कुणाला सांगितलं की मी जुनी नाणी जमवतो, की घरातल्या पेटीतून हमखास पोर्तुगीज अमदानीतलं नाणं बाहेर येतं. बहुतेक वेळा दों लुईसचा 1881 चा चांदीचा रुपया. तीही नाणी देखणीच, पण माझा जीव अडकलाय तो त्यांच्याही दीड हजार वर्षं मागे, पश्चिमी क्षत्रपांच्या, म्हणजे गुजरात-माळव्यावर राज्य करणाऱ्या शक राजांच्या, जेमतेम दोन ग्रॅम वजनाच्या चांदीत.

आजवर मिळेल ते, परवडेल ते घेत आलो. नव्या वर्षी मात्र एकच माळ ओवायची ठरवली आहे: पहिला रुद्रसिंह, त्याचा मुलगा दामसेन, त्याचा वीरदामन, त्याचा दुसरा रुद्रसेन, त्याचा भर्तृदामन आणि शेवटी विश्वसेन. बाप-लेकांच्या सलग सहा पिढ्या. भारतातल्या प्राचीन नाण्यांत अशी माळ नुसत्या नाण्यांवरून लावता यावी, हे फार थोड्या घराण्यांच्या बाबतीत शक्य आहे. क्षत्रपांनी नाण्यावर स्वतःच्या नावाआधी बापाचं नाव आणि पदवी घातली, म्हणून हे जमतं.

सध्या टेबलावर दुसऱ्या रुद्रसेनाचं नाणं आहे. मागच्या बाजूला मधोमध तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नदीची नागमोडी रेघ, वर चंद्रकोर, आणि भोवती ब्राह्मी लेख: ‘राज्ञो क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस’. मुलगा महाक्षत्रप, बाप नुसता क्षत्रप. वीरदामन त्या मोठ्या पदापर्यंत पोहोचलाच नाही, आणि मुलाच्या नाण्यावर ते जसंच्या तसं नोंदलं गेलं. भिंग लावून ‘क्षत्रपस’च्या आधी ‘महा’ नाही याची खात्री करताना मला दर वेळी भारी वाटतं. पुढच्या बाजूला राजाचा मुखवटा, आणि डोक्यामागे शक वर्ष. शंभर, दहा आणि एकम यांना वेगवेगळी चिन्हं असतात, स्थानमूल्य नाही. माझ्या नाण्यावर 100 आणि 90 स्वच्छ आहेत, एकमाचं चिन्ह मात्र काठाबाहेर गेलंय. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे हे नेहमीचंच. 78 मिळवले की इ.स. 268 ते 278 च्या दरम्यानचं ठरतं. यापुढची खरेदी करताना तारीख पूर्ण दिसते का, हे आधी बघणार. मुखवटा झिजलेला चालेल, आकडा हवा.

दुसरा संकल्प जोगळटेंभीचा. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी 1906 मध्ये नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपला ठसा पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाच्या नाण्यावर जिंकणाऱ्याचा ठसा! असं एक नाणं संग्रहात असावं ही फार जुनी इच्छा आहे. पण या प्रकारात बनावट माल खूप फिरतो, म्हणून विकत घ्यायची घाई नाही. आधी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे जाऊन अस्सल तुकडे नीट पाहून यायचं.

गोव्याच्या कदंबांचं सिंहाचं गद्याण, म्हणजे सोन्याचं नाणं, घ्यायचा विचार मी सोडून दिलाय. ते खिशाला झेपणारं नाही, आणि काळही मध्ययुगीन. त्याऐवजी नार्व्याला जाईन. त्या नाण्यांवर ज्याच्या वरप्रसादाचा उल्लेख आहे तो सप्तकोटीश्वर दिवाडीहून तिथे आला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ पुन्हा उभारलं.

खरेदी पावतीवरच. शेतात, पायाच्या खणतीत सापडलेलं म्हणून कुणी आणून दिलं तर हात लावायचा नाही. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी सापडला की कलेक्टरला कळवावं लागतं, हे आणणाऱ्यालाही सांगावं.

मृग लागायच्या आत मात्र एक काम उरकायलाच हवं. सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी कपाटातून बाहेर काढायची आहेत. लाकूड आणि पुठ्ठ्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ती झपाट्याने पसरते. तांब्यावर फिकट हिरवी पूड दिसली तर ते नाणं लगेच वेगळं ठेवायचं. घट्ट झाकणाचे डबे आणि रंग बदलणारं सिलिका जेल आणलंय. पीव्हीसीची पाकिटं हद्दपार, त्यांच्याने नाण्यावर चिकट हिरवा थर येतो. पॉलिएस्टरची तेवढी ठेवणार.

माळेत आता पहिला रुद्रसिंह आणि वीरदामन हवेत. वीरदामनचं, निदान बापाचं म्हणजे दामसेनाचं नाव वाचता येईल असं नाणं कुणाकडे जादा असेल तर जरूर कळवा. माझ्याकडे भर्तृदामनची दोन चांगली आहेत, अदलाबदल करू.