कऱ्हाड, दोनदा

दादांनी घेतलेल्या पुस्तकांच्या नोंदी मी टिडलीविकीत, म्हणजे संगणकावरच्या वैयक्तिक नोंदवहीत, ठेवल्यात. विकीला विचारलं, कऱ्हाडहून आणलेली पुस्तकं कोणती? आली चार. कपाटात आठ आहेत, आठांचीही नोंद आहे. सकाळपासून तेच मनात खुपतंय: आहे, पण सापडत नाही.

कारण मिळालं. चार नोंदींत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे. बाकीच्या चारांत 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, दुसऱ्या कीबोर्डवरून आलेला. पडद्यावर दोन्ही कऱ्हाड अगदी सारखे. टिडलीविकीच्या फिल्टरला, म्हणजे नोंदी शोधणाऱ्या सूत्राला, मात्र दोन वेगळी गावं. तो अर्थ पाहत नाही, अक्षरसंकेत जुळवतो. इतकं नेटानं लिहून काय मिळवलं, असं वाटून गेलं. दादांची खरेदीची वही तेवढी समोर उघडी होती.

मग 'ठिकाण' फील्ड, म्हणजे नोंदीतला तो रकाना, उघडलं. 'अप्पा बळवंत चौक', 'अ. ब. चौक', 'अप्पा बळवंत चौक, जुनी प्रत, ४० रु.' एका फील्डमध्ये तीन गोष्टी कोंबल्या की तिन्हींपैकी एकही धड विचारता येत नाही. म्हणून ठिकाण, प्रत, किंमत वेगळी केली. ठिकाण आता टाइप करायचं नाही, ठरलेल्या यादीतूनच निवडायचं.

किमतीत नुसता आकडा, आणि तोही इंग्रजी अंकांत. देवनागरी १२० ही जावास्क्रिप्टच्या, म्हणजे विकी ज्या संगणकभाषेत चालते तिच्या, लेखी संख्याच नाही. हे मला अजूनही लागतं. क्रम लावताना 'एनसॉर्ट', म्हणजे संख्येनुसार क्रम लावणारी आज्ञा, हवी. साध्या 'सॉर्ट'मध्ये १००० हे २०० च्या आधी येतं.

दोन लेखक असतील तर प्रत्येकाचं पूर्ण नाव दुहेरी चौकटी कंसात, आणि शोध 'कंटेन्स'नं, म्हणजे यादीत ते नाव आहे का हे पाहणाऱ्या आज्ञेनं. कंस विसरले की यादी रिकाम्या जागेवर तुटते, नाव एकीकडे, आडनाव दुसरीकडे.

नोंदीची वेळ आत यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, साठते. पहाटे साडेपाचच्या आधी लिहिलेलं पडद्यावर आजचं दिसतं, पण फील्डच्या पहिल्या आठ अंकांवरून शोधलं तर कालचं निघतं. म्हणून दादांच्या खरेदीची तारीख वेगळ्या फील्डमध्ये, आठ अंकी: वर्ष, महिना, दिवस.

दुपारपर्यंत आठही कऱ्हाड एका अक्षरात आणले. जरा बरं वाटलं. राहू दे, बाकीच्या गावांना वेळ लागेल.

काही पुस्तकांपुढे वहीत किंमतच नाही. तिथे आधी 'माहीत नाही' लिहिलं होतं, ते काढलं. फील्डच ठेवलं नाही, म्हणजे 'किंमत नसलेली' असं विचारलं की ती समोर येतात. आता आली. नऊ आहेत. त्यातल्या तीनवर दादांची सही आहे.