जन्माची वाट आणि पहिले वर्ष

नैसर्गिक प्रसूतीच्या बाजूने केल्या जाणाऱ्या युक्तिवादांत अलीकडे एकाची भर पडली आहे आणि हळूहळू तोच सर्वांच्या पुढे येऊन उभा राहिला आहे. बाळ कोणत्या वाटेने जन्माला आले यावर त्याची प्रतिकारशक्ती, पुढचे वजन, दम्याचा धोका, इतकेच काय त्याचा स्वभावही ठरतो, असे हा युक्तिवाद सांगतो. मी स्वतः नैसर्गिक प्रसूतीची समर्थक आहे आणि गरज नसताना केल्या जाणाऱ्या सिझेरियनची मला चीड आहे. तरीही ज्या ठामपणाने हे सांगितले जाते तो मला पटत नाही. जन्माच्या सुमारास घडणाऱ्या गोष्टींचा परिणाम दूरवर पोहोचतो हे खरे आहे, परंतु त्याचा पुरावा पहिला तास, पहिले काही महिने आणि पहिले वर्ष यांबाबत जितका भक्कम आहे, तितका तो जन्माच्या वाटेबाबत नाही.

आधी जे निर्विवाद आहे ते पाहू. गर्भाची फुप्फुसे हवेने नव्हे तर द्रवाने भरलेली असतात आणि हा द्रव फुप्फुसांनी स्वतःच तयार केलेला असतो. कळा सुरू झाल्या की बाळाच्या रक्तातील ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन यांचे प्रमाण झपाट्याने वाढते, आणि त्यांच्या प्रभावाखाली फुप्फुसांच्या पेशी द्रव स्रवण्याचे थांबवून तोच द्रव शोषून घेऊ लागतात. जन्ममार्गातून येताना छाती दाबली जाते व पाणी पिळून निघते, ही समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात मोठे काम या संप्रेरकांचे असते. म्हणूनच कळांची वाट न पाहता ठरवून केलेल्या सिझेरियननंतर बाळाला धाप लागण्याचे प्रमाण अधिक असते, आणि वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी अशी शस्त्रक्रिया करू नये, असे सांगितले जाते. बाळाच्या दृष्टीने पाहिले, तर कळा सुरू झाल्यानंतर करावे लागलेले सिझेरियन आणि कळा येण्याआधीच उरकलेले सिझेरियन या दोन निराळ्या घटना आहेत. वादात मात्र दोन्ही एकाच मापाने मोजल्या जातात.

आईच्या शरीरात गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणणारे ऑक्सिटोसिन निवांतपणात चांगले काम करते आणि भीतीने वाढलेले ॲड्रेनॅलिन त्याला अडथळा आणते. ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३० च्या दशकातच भीती, ताण आणि वेदना यांचे दुष्टचक्र मांडले होते. भीती गेली की वेदनाही जवळजवळ नाहीशी होईल, हा त्यांचा आशावाद भाबडा होता. वेणा सोसलेल्या कोणत्याही बाईला हे सांगण्याची गरज नाही. पण त्यांच्या मूळ निरीक्षणाला पुढे चांगला आधार मिळाला. प्रसूतीच्या संपूर्ण काळात कोणीतरी सतत सोबत असल्यास काय फरक पडतो, याचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये घेतलेला आढावा २६ चाचण्या आणि १५,००० हून अधिक स्त्रियांच्या माहितीवर आधारलेला होता. सोबत लाभलेल्या स्त्रियांची प्रसूती आपसूक होण्याची शक्यता वाढली, कळांचा काळ कमी झाला आणि सिझेरियनही कमी झाले. घड्याळाचा धाकही असाच सैल झाला आहे. इमॅन्युएल फ्रीडमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९५० च्या दशकात काढलेल्या आलेखावरून गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटिमीटर या गतीने उघडले पाहिजे, असा दंडक रूढ झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तो सर्व स्त्रियांना लागू पडत नसल्याचे मान्य केले आणि केवळ त्या गतीवर बोट ठेवून हस्तक्षेप करू नये, असे सांगितले.

याचा अर्थ निसर्गावर सारे सोपवून द्यावे असा नाही. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव आणि अडलेली प्रसूती या दोन्ही गोष्टी पूर्णपणे नैसर्गिक आहेत आणि दोन्ही जीव घेतात. देशोदेशींच्या आकडेवारीत सिझेरियनचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यानंतर माता व नवजात बालकांचे मृत्यू आणखी घटत असल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नमूद केले. पण त्या दहा टक्क्यांपर्यंत ते घटतात, हेही त्याच विधानात आहे.

आता बाळाच्या आतड्यातील जीवाणूंकडे वळू, कारण आयुष्यभराच्या परिणामाचा सारा डोलारा बहुधा यांच्यावरच उभा केला जातो. योनीमार्गे जन्मलेल्या बाळांच्या शरीरावर आईच्या योनीतील जीवाणूंसारखे, तर सिझेरियनने जन्मलेल्यांच्या शरीरावर त्वचेवरील जीवाणूंसारखे जीवाणू आढळतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसले आणि त्यातून सिझेरियनच्या बाळाला हे जीवाणू मिळावेत म्हणून आईच्या योनीतील स्रावाने पुसण्याची कल्पना पुढे आली. पुढे ब्रिटनमध्ये सुमारे ६०० बाळांची विष्ठा तपासणारा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यातही सुरुवातीचा फरक ठळक होता, विशेषतः बॅक्टेरॉइड्स या गटाचे जीवाणू सिझेरियनच्या बाळांत फार कमी होते. परंतु बाळाला मिळणारे जीवाणू मुख्यतः आईच्या योनीतून नव्हे तर तिच्या आतड्यातून आलेले दिसले, आणि बाळ वर्षाच्या आसपास पोहोचेपर्यंत दोन्ही गटांतील फरक बराचसा ओसरला होता. स्रावाने पुसण्याचा प्रयोग संशोधनाबाहेर करू नये, कारण त्यातून जंतुसंसर्गही जाऊ शकतो, असे अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणे आहे.

सिझेरियनने जन्मलेल्या मुलांत दमा आणि लठ्ठपणा यांचे प्रमाण थोडे अधिक आढळते, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. पण सिझेरियन कोणाचे होते? आईचे वजन अधिक असेल, बाळ दिवस भरण्याआधी बाहेर काढावे लागले असेल, गरोदरपणात गुंतागुंत असेल, तर ते होण्याची शक्यता वाढते, आणि याच गोष्टी मुलाच्या पुढच्या आरोग्याशीही जोडलेल्या असतात. शिवाय शस्त्रक्रियेआधी आईला प्रतिजैविक दिले जाते आणि नंतर अनेकदा अंगावर पाजण्यास उशीर होतो. इतके धागे एकात एक गुंतलेले असताना दोष एकट्या जन्माच्या वाटेला देणे मला घाईचे वाटते.

बाल्याच्या परिणामांचा विचार करताना मला इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यातील नोंदवह्या अधिक महत्त्वाच्या वाटतात. १९११ पासून तेथील मुख्य आरोग्य परिचारिका एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली सुईणी आणि घरोघर फिरणाऱ्या परिचारिका प्रत्येक बाळाचे जन्माचे वजन, ते कोणत्या दुधावर वाढते आणि वर्षाचे झाल्यावर त्याचे वजन किती, हे लिहून ठेवत. डेव्हिड बार्कर हे ब्रिटिश संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वह्यांतील १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांचा माग काढला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक होते. येथेही गरिबीचा धागा गुंतलेला आहे, आणि टीकाकारांनी तो दाखवूनही दिला. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळात सिझेरियन अतिशय दुर्मीळ होते, म्हणजे यांतील बहुतेक सारी बाळे आज आपण ज्याला नैसर्गिक म्हणू त्याच वाटेने आली होती. वाट एकच असूनही त्यांची आयुष्ये इतकी वेगळी झाली, तर त्या फरकाचे मूळ आईच्या पोटातील पोषणात आणि पहिल्या वर्षात शोधावे लागते.

त्या पहिल्या वर्षाच्या आरंभी करता येण्याजोग्या काही गोष्टी तर अगदी साध्या आहेत. जन्मानंतर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबले, तर वारेतील रक्ताचा मोठा भाग बाळाकडे जातो आणि पुढचे काही महिने पुरेल असा लोहाचा साठा त्याला मिळतो. तान्हेपणातील लोहाची कमतरता मेंदूच्या वाढीला बाधक ठरते, म्हणून या मिनिटांचे मोल मोठे आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रेय यांनी १९७८ मध्ये सुरू केली, ती उबवणी पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच अशी ऊब दिलेल्या बाळांपैकी १२ टक्के पहिल्या २८ दिवसांत दगावली. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत हे प्रमाण १५.७ टक्के होते.

स्तनपानाबाबतही मी थोडी सावध आहे. बेलारूसमध्ये १७,००० हून अधिक माता व बाळांवर झालेल्या चाचणीत स्तनपानाला प्रोत्साहन देणाऱ्या रुग्णालयांतील बाळांना पहिल्या वर्षात जुलाब आणि इसब कमी झाले, पुढे साडेसहाव्या वर्षी त्यांची बुद्धिमापनातील कामगिरीही सरस आढळली. मात्र लठ्ठपणा किंवा रक्तदाब यांत अपेक्षित घट दिसली नाही. म्हणजे लाभ खरे आहेत, पण सांगितले जातात ते सगळेच नाहीत.

यांतले जवळजवळ काहीच सिझेरियनने हिरावून घेतले जात नाही. पाठीच्या कण्यातून भूल दिलेली आई जागी असते. तिची आणि बाळाची प्रकृती ठीक असेल तर नाळेसाठी थांबता येते, आणि टाके घालणे चालू असतानाच बाळ तिच्या छातीवर ठेवता येते. फरक पडतो तो नंतर. दूध उतरायला उशीर होऊ शकतो, कुशीवर वळताना टाके ओढतात, बाळ उचलून घेणे जमत नाही, आणि अशा वेळी बाटली हाताशी असते. त्या पहिल्या आठवड्यात रात्रीदेखील बाळ उचलून तिच्या कुशीत देणारे आणि त्याने स्तन नीट तोंडात धरला आहे की नाही हे पाहणारे जाणते माणूस जवळ असेल, तर अंगावर पाजणे टिकण्याची शक्यता बरीच वाढते.