ब्रेक हिडीवल्दु री

आमच्याकडं येणारं निम्मं गिऱ्हाईक हेच वाक्य घेऊन येतं. ब्रेक हिडीवल्दु री अण्णा, म्हणजे ब्रेक धरंना झालाय. उरलेलं निम्मं मराठीत तेच सांगतं, मामा ब्रेक लागूलाला नाही की ओ. बेळगावात खानापूर रोडला उद्यमबागेच्या अंगाला आमचं पत्र्याचं शेड आहे, पाटीवर नियमाप्रमाणं कन्नड मोठं आणि मराठी खाली, पण पाटी वाचून कोण येत नाही, जीपच्या ब्रेकवाल्याकडं जा एवढंच सांगून लोक पाठवतात.

सुरुवात बाबांनी केली. आधी दुसऱ्याकडं फिटर होते, मग एक जॅक, एक पुलर आणि उधारीवर घेतलेला पाना सेट एवढ्यावर स्वतःचं काढलं. तेव्हा जांबोटी, कणकुंबी, खानापूर भागात सगळीकडं जीपच, महिंद्राची सीजे म्हणा नाहीतर एमएम 540 म्हणा, वडापाला म्हणजे शिटा भरून न्यायला कमांडर. लाल चिखल, पावसाचे चार महिने, ओढ्यातनं गाडी घालायची आणि पलीकडं गेल्यावर ब्रेक मारला तर काहीच नाही. ओले ड्रम, म्हणजे चाकातली ज्या लोखंडी वाटीला आतनं शू दाबून ब्रेक लागतो ती ओली. जाणता ड्रायव्हर दहावीस पावलं ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवतो म्हणजे लायनर, शूवरचा घासणारा थर, तापून सुकतात, नवा असला तर थेट बांधावर.

बाबा सगळं करायचे, इंजिन, गिअरबॉक्स, काय येईल ते. फक्त ब्रेकचंच काम घ्यायचं हे माझ्या काळात ठरलं, आणि तेही एका चुकीमुळं.

झालं असं की एका सकाळी गर्दी होती, नवीन पोरगं होतं, त्यानं एका सीजेच्या मास्टर सिलेंडरात, म्हणजे पेडल दाबलं की चारी चाकांकडं तेल ढकलतो त्यात, ब्रेक ऑइल समजून इंजिन ऑइल ओतलं. डबा तसाच, रंगही जवळपास तसाच. गाडी गेली. दुसऱ्या दिवशी कणकुंबीच्या अलीकडनं फोन, चारी चाकातनं धूर येऊलालाय, गाडी ढकलली तर हलंना. खनिज तेल लागलं की ब्रेकचे रबरी कप फुगतात, मास्टर सिलेंडरातलं बारीक भोक फुगलेल्या कपाखाली झाकलं जातं, तेल मागं येत नाही, म्हणजे पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच. नशीब चढाला झालं. टो करून आणली, चारी व्हील सिलेंडरचे कप, मास्टरचं किट, सगळे होज पाइप नवे, लोखंडी लाइनी स्पिरिटनं धुतल्या, सगळं आमच्या खिशातनं. मालक काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. ते आजही आमच्याकडंच येतात. त्या दिवसापासनं ब्रेक ऑइलचा डबा कुलपात, आणि ओतायचं कुणी तर मी नाहीतर भाऊ.

ती गाडी परत जोडताना आठवडाभर दुसरं काही केलं नाही, आणि तेव्हा कळलं आपण आजवर ब्रेक किती उरकून करत होतो.

लोकांना वाटतं चाक काढा, शू बदला, बसवा, झालं. खरं दुखणं लेथवर सुरू होतं. ड्रमला रेघा पडल्या की उद्यमबागेत नेऊन स्किमिंग, म्हणजे लेथवर आतनं घासून सपाट, करून आणायचं, ते बरोबरच आहे, पण 9 इंची ड्रम आतनं फिरवला की त्याचा व्यास वाढतो आणि शूवर मारलेला नवा लायनर मात्र मूळच्याच गोलाईचा. मग तो फक्त मधोमध टेकतो, दोन्ही टोकं अधांतरी. पेडल मऊ लागतं, मेकॅनिक म्हणतो लाइनीत हवा राहिली, परत हवा काढतो, अर्धा लिटर ऑइल गटारात, पेडल तसंच मऊ. आम्ही ड्रमला आतनं खडू फासतो, शू हातानं दाबून घासतो, लायनरवर जिथं पांढरं उमटलं तिथं टेकतंय, तेवढंच कानशीनं नाहीतर ग्राइंडरवर उतरवायचं, परत खडू. टोकापासनं टोकापर्यंत पांढरं होईस्तोवर. एका चाकाला तास जातो कधी कधी. गिऱ्हाईक बाजूला उभं राहून विचारतं, अण्णा शाळा काढलीय काय. आणि ड्रम मूळच्या मापापेक्षा साठ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वर गेला असला तर तो भंगारात, मग कितीही गयावया करा.

दुसरी खोड म्हणजे एका चाकाचाच लायनर बदला म्हणणारे. डावीकडं नवा उजवीकडं जुना, ब्रेक मारला की गाडी डावीकडं पळते, आणि चोर्ला घाटात डावीकडं काय आहे ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. जोडीनंच बदलतो, नाही पटलं तर चहा घेऊन जावा. जुन्या सीजेत प्रत्येक चाकातल्या दोन शूंपैकी पुढच्याचा लायनर लांब आणि मागच्याचा आखूड असतो, जास्त भार पुढचाच घेतो, कित्येक गाड्या उलटे शू बसवून येतात आणि मालक म्हणतो कंपनीचाच फॉल्ट.

2019 च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा गोकाक, चिकोडीकडनं गाड्या येऊ लागल्या. ड्रम उघडला की आत गाळ, अगदी थापी मारल्यासारखा, पिस्टन सिलेंडरात गंजून बसलेले. लायनर शूपासनं सुटलेले. शेडात जागा नव्हती, रस्त्याकडंला उभ्या करून काम केलं, दोन पोरं तेव्हाच घेतली. धंदा वाढला म्हणायचं का ते कळत नव्हतं, कारण पैसे मागायला तोंड होत नव्हतं, बऱ्याच जणांचं ऊस हंगाम झाल्यावर बघू असं ठरलं आणि बहुतेकांनी दिले.

बाबा अजून येतात, खुर्ची टाकून बसतात. त्यांची एकच सवय मोडावी लागली, कॉम्प्रेसरनं ड्रममधली धूळ उडवायची. जुन्या लायनरात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ती धूळ छातीत जायला नको, आता पाणी मारून ओल्या फडक्यानं पुसतो. हे त्यांना आम्ही फार उशिरा सांगितलं.

पुतण्या म्हणतो काका पुढं डिस्क बसवू, जिप्सीला आहेच की. बसवतो आम्ही, ज्याला पाहिजे त्याला. पण जुन्या सीजेत सगळी चाकं एकाच लाइनीवर, एक पाइप फुटला की चारी गेली, मास्टर तर ड्रायव्हरच्या पायाखाली चिखलात, आणि हँडब्रेक चाकाला नाही, मागं ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डब्यावर, तिथला ऑइल सील गळला की तोही गेला. ते सोडून नुसती डिस्क लावून काय उपयोग, आधी डबल मास्टर, म्हणजे दोन वेगळ्या लाइनींचा, घाला म्हणतो. यावर आमची रोज वादावादी. सध्या शेडात एक सीजे उभी आहे, तीन चाकं झालीत, चौथ्याचा ड्रम फुटका निघाला आणि भंगारबाजारातनं आणलेला दुसराही साठच्या वरचा निघालाय.