अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी

कोल्हापूरहून पुण्याला निघताना डिझेल कुठे भरायचे, याचा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. पेठनाका, कराड, सातारा असे करत २३० किलोमीटर संपतात आणि वाटेत पंप दिसला नाही अशी दहा मिनिटे जात नाहीत. त्यामुळे ॲडलेडला बारा वर्षे राहूनही, मागे कॅरव्हॅन, म्हणजे गाडीने ओढायचे चाकांवरचे घर, जोडून नलारबोरच्या, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ओसाड पठाराच्या, वाटेला लागताना, थांबे वहीत लिहून काढणाऱ्या इथल्या निवृत्त शेजाऱ्याचे मला मनातून हसूच येत होते. आपण नियोजन करत नाही असे नाही, आपल्याकडे त्याची गरज पडत नाही, असे मी त्याला ऐकवलेही होते.

या वेळी सोबत आई आणि आण्णा होते. आण्णांनी शिरोळ तालुक्यात तीस हंगाम ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला ऊस घातला आहे. त्यामुळे कॅरव्हॅनचे त्यांना कौतुक वाटले नाही, हुक आणि साखळी पाहून ते एवढेच म्हणाले, "ट्रॉलीच हाय की, नुसती पांढरी."

वाटेवरच्या सेडूना गावाला ७० लिटरची टाकी काठोकाठ भरली. आदल्या दिवशी गाडीने १०० किलोमीटरला १५ लिटर पेट्रोल घेतले होते, म्हणजे साडेचारशे किलोमीटर सहज जाईल आणि नलारबोर रोडहाऊस, म्हणजे हमरस्त्यावरचा पंप आणि खाण्या-मुक्कामाचा थांबा, तर ३०० किलोमीटरवर, असा माझा हिशेब. सुमारे ७० किलोमीटरवर पेनाँग लागले, तेवढ्याच अंतराने पुढे नंड्रू. दोन्हीकडे भाव चढे होते. पुढे ते आणखी चढतात हे ठाऊक असूनही, टाकी अजून बरीच आहे म्हणून मी पुढे निघालो. पैसे वाचवतोय या समाधानात मी होतो.

हिशेबात वारा धरलेला नव्हता. पश्चिमेचा तो वारा कॅरव्हॅनच्या सपाट, उंच तोंडावर थेट आदळत होता आणि शंभरला १५ लिटरचे २१ लिटर झाले. समोरून रोड ट्रेन, म्हणजे मागे दोन-तीन ट्रेलर जोडलेला अजस्र ट्रक, आली की आधी ढकलल्यासारखे आणि मग ओढल्यासारखे होई, स्टिअरिंग घट्ट धरून हात आखडून गेले. नंतर नंतर माझे डोळे रस्त्यापेक्षा पेट्रोलच्या काट्यावरच जास्त होते. शेवटी वेग ८० वर आणला, कारण वारा अंगावर घेऊन गाडी पळवली तर पेट्रोल किती जाते ते एव्हाना चांगलेच कळले होते. मागे वाहने साचली की रुंद जागा बघून बाजूला व्हायचे आणि त्यांना पुढे जाऊ द्यायचे.

दोन तासांनी थांबायचे हा इथला सल्ला मात्र आण्णांनी आपण होऊन पाळला. गाडी थांबली की ते खाली उतरत आणि कॅरव्हॅनच्या प्रत्येक चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, हात लावून पाहत. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापले असेल तर बेरिंग जाते आहे किंवा ब्रेक धरून राहिला आहे, हे ओळखायची ती रीत. हेच शेजाऱ्याने मला आकृती काढून शिकवले होते आणि मी पहिल्याच दिवशी विसरलो होतो. आण्णा हबवरून हात उचलून तो धोतराला पुसत होते, ते पाहून मला उगीच अभिमान वाटला, जणू हे शास्त्र शिरोळातूनच इकडे आले असावे.

शेवटचे तीस किलोमीटर पेट्रोल संपत आल्याचा दिवा लागलेला होता. रोडहाऊसवर ६३ लिटर बसले. आण्णा पंपाच्या आकड्याकडे पाहत म्हणाले, "ऊस भरून निघताना कारखान्याच्या भरवशावर डिझेल कमी टाकत न्हाई बाबा. अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी." शेजाऱ्याच्या वहीतही पहिल्याच पानावर हेच लिहिलेले होते, पण ते मी आण्णांना सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी राज्याच्या सीमेवरच्या बॉर्डर व्हिलेज या थांब्याला पोहोचलो तेव्हा काटा निम्म्यावर होता. आईने चहाचे नाव काढले. आण्णा म्हणाले, "आधी टाकी, च्या मागनं," आणि मी भावाच्या पाटीकडे न बघता नळी टाकीला लावली.